रविवारी ती फोन उचलत नाही

नमस्कार मंडळी, कसे आहात, गाडीत असाल तर जरा जपून चालवा, नाइन्टीफाइव्हवर आज परत तासाभराचा जाम आहे म्हणे. आज मी गणपतीच्या वर्गणीबद्दल किंवा पॉटलकबद्दल बोलणार नाहीये, आज माझ्या एका मैत्रिणीबद्दल बोलायचंय. तिला विचारून बोलतेय हां. ती म्हणाली सांग, नाव घेऊ नको, आणि एक लक्षात ठेव, मला बिचारी करू नकोस.

तर मी फिजिओ, पुण्यात शिकले आणि आता बारा वर्षं झाली इथे बाल्टिमोरजवळ एका रिहॅबमध्ये काम करते. आमच्या मजल्यावर ती नर्स आहे, चाळिशीच्या अलीकडची, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत वाढलेली, ब्लॅक. आपल्याकडे पेपरात कृष्णवर्णीय लिहितात पण तो शब्द तोंडाने कुणी बोललेला मी आजवर ऐकला नाही, आणि आपल्या घरात जे शब्द वापरतात ते मी रेडिओवर उच्चारणार नाही, तुम्हाला माहितीयत.

पहिल्या वर्षातली गोष्ट. ती एकदा नवीन बारीक वेण्या घालून आली, बॉक्स ब्रेड्स म्हणतात त्याला, कमरेपर्यंत, आणि मी ब्रेकरूममध्ये सरळ हात लावला आणि विचारलं, हे खरे आहेत का गं? तिने माझा हात अलगद बाजूला केला आणि म्हणाली, वीस डॉलर. मला कळेचना. मग म्हणाली, हात लावायचे वीस, प्रश्नाचे वेगळे. मी हसले, पण घरी येऊन रात्री आठवलं तेव्हा कानशिलं तापली.

तिचा रविवार म्हणजे वॉश डे. त्या दिवशी ती फोन उचलत नाही, मेसेज बघत नाही, फोन चक्क किचनच्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांशेजारी. मी एकदा तिचा डबा परत द्यायला गेले होते (रिकामा कसा द्यायचा म्हणून चिवडा भरून) आणि ती म्हणाली आलीच आहेस तर बस. मग मी बघत बसले. केसांचे आठ भाग करून क्लिपा लावायच्या, एकेक भाग ओला करून कंडिशनर लावून आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर गुंता सोडवत यायचं, मग धुवायचं, मग शिया बटर, मग दोन दोन बटांचा पीळ घालायचा, वाळवायचं, आणि रात्री सॅटिनची टोपी घालून झोपायचं, नाहीतर सकाळी सगळी मेहनत उशीवर. पाच तास. पाचव्या तासाला तिचे खांदे भरून आले होते, ते मी फिजिओ म्हणून दाबून दिले, तेवढाच माझा उपयोग.

आणि त्या पाच तासात ती डेटिंगचं सांगत होती.

एक गोरा माणूस, छान, सभ्य, वकील. पहिल्याच भेटीत सूप यायच्या आत म्हणाला, मी याआधी कधी ब्लॅक मुलीबरोबर गेलेलो नाहीये. ती म्हणे, असं म्हणाला जसं कोणी पहिल्यांदा ऑक्टोपस मागवतं. दुसरा होता तो उलटा, त्याला तिच्यासमोर सिद्ध करायचं होतं की मी तसा नाहीये, म्हणून सगळी संध्याकाळ पोलीस, निवडणुका, त्याने वाचलेली पुस्तकं, आणि ती बारा तासांची ड्युटी करून आलेली, तिला फक्त कोणीतरी एखादा फालतू जोक सांगायला हवा होता. आणि जायच्या आधी घरी आरशासमोर अर्धा तास हाच विचार की आज कोणते केस न्यायचे, सरळ केले तर पुढे कधीतरी त्याला खरे दाखवावे लागणार, आणि मोकळे सोडले तर सगळी रात्र केसांवरच बोलणं.

तुम्ही म्हणाल केसांचं काय एवढं. अहो, १७८६ साली लुइझियानात, तेव्हा तिथे स्पेनचं राज्य होतं, गव्हर्नर मिरोने हुकूमच काढला होता की स्वतंत्र काळ्या बायकांनी डोकं फडक्याने झाकायचं, कारण त्यांचे केस आणि त्यातले दागिने फार उठून दिसायला लागले होते. बायकांनी काय करावं, भारीतलं भारी रंगीत कापड आणून असं काही बांधलं की ती फॅशनच झाली. आणि केसांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करू नये हा क्राउन कायदा पहिल्यांदा कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ साली, आपल्या मेरीलँडमध्ये २०२० ला. म्हणजे मी इथे आले तेव्हा तो नव्हता. मी आपली हात लावत फिरत होते.

बरं, तिच्या स्वतःच्या लोकांचं काय म्हणणं? चर्चमधल्या एक मावशी म्हणतात, अगं वय बघ, चांगला असला की झालं, कुठला का असेना. आणि तिचे काका जेवणाच्या टेबलावर म्हणतात की शिकली-सवरली की आपली माणसं नको होतात. तिच्या भावाची बायको गोरी आहे हो, त्याला कोणी असलं कधी विचारलं नाही, त्याच्या लग्नात हेच काका सगळ्यात जास्त नाचले. हे एका घरापुरतं असेल म्हणाल तर प्यू रिसर्च या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचे आकडे आहेत, २०१५ मध्ये नवीन लग्न झालेल्या ब्लॅक पुरुषांपैकी २४ टक्क्यांनी दुसऱ्या वंशात लग्न केलं होतं, बायकांपैकी १२ टक्क्यांनी. बरोब्बर निम्मं. आणि २०१४ साली ओकेक्युपिड या डेटिंग साइटने स्वतःचाच हिशोब बाहेर काढला होता, त्यात ब्लॅक बायकांना दुसऱ्या वंशांचे पुरुष सरासरीपेक्षा कमी पसंती देतात असं स्वच्छ दिसत होतं. ती म्हणाली, हे मला सांगायला कॉम्प्युटर कशाला हवा होता, माझा फोन बघितला असता तरी कळलं असतं.

इथून दोन तासांवर व्हर्जिनियात सेंट्रल पॉइंट म्हणून छोटं गाव आहे, तिथली मिल्ड्रेड. तिने आणि रिचर्ड लव्हिंगने जून १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, कारण ती काळी, तो गोरा, आणि व्हर्जिनियात असं लग्न गुन्हा होता. जुलैत मध्यरात्री शेरीफ टॉर्च घेऊन थेट बेडरूममध्ये. भिंतीवर मॅरेज सर्टिफिकेट लावलेलं होतं ते दाखवलं, तर म्हणे इथे चालत नाही. वर्षाची शिक्षा, आणि ती टाळायची तर दोघांनी मिळून २५ वर्षं या राज्यात पाय ठेवायचा नाही. मला या बाईचं काय आवडतं सांगू, तिला कसली चळवळ वगैरे करायची नव्हती, तिला शहर आवडेना, तिला आपल्या माणसांत घरी जायचं होतं, बस. १९६३ साली तिने तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं, त्यांनी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेकडे पाठवलं, आणि १२ जून १९६७ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सगळ्या देशातले हे कायदे मोडीत काढले. कोर्टात सुनावणी चालू होती तेव्हा नवराबायको दोघंही गेले नाहीत बघायला. आपलं मेरीलँड फार पुढारलेलं असं वाटत असेल तर ऐका, असला पहिला कायदा आपल्याकडेच झाला होता, १६६४ मध्ये, आणि रद्द केला तोही १९६७ मध्येच. आणि अलाबामाने घटनेतून ती ओळ काढली ती २००० साली मतदान घेऊन, तेव्हाही साधारण ४० टक्के लोकांनी राहू द्या म्हणून मत दिलं. २००० साली मी कॉलेजात होते, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

आता सगळ्यात जास्त चिडते ती कुठल्या शब्दावर माहितीये? स्ट्राँग. तू किती स्ट्राँग आहेस. ती म्हणते याचं भाषांतर असं की आम्ही काही मदत करणार नाही, तू उचल. डेटवर आलेला माणूस पण तेच म्हणतो, मग महिन्याभराने आपलं सगळं रडगाणं तिच्या मांडीवर टाकतो, ती नर्स ना, आणि स्ट्राँग ना. मला आधी वाटलं ही जास्तच बोलतेय. मग सेरेना विल्यम्सचं आठवलं. तिच्याहून स्ट्राँग बाई जगात दाखवा. २०१७ मध्ये मुलगी झाली, सिझेरियन, दुसऱ्या दिवशी श्वास लागायला लागला, तिला आधी फुप्फुसात गाठी झालेल्या होत्या म्हणून तिला लगेच कळलं, तिने सांगितलं स्कॅन करा, तर नर्सला वाटलं औषधांमुळे बरळतेय. तिला हट्ट धरावा लागला, मग गाठी सापडल्या. ही सेरेनाची कथा, बाकीच्यांचं काय. सीडीसी म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचे २०२३ चे आकडे, दर लाख बाळंतपणांमागे मरण पावणाऱ्या ब्लॅक आया ५०, गोऱ्या साडेचौदा. २०१६ मध्ये व्हर्जिनियात गोऱ्या मेडिकल स्टुडंट्स आणि रेसिडेंट्सना विचारलं होतं तर जवळजवळ निम्म्यांना काहीतरी खुळचट वाटतच होतं, ब्लॅक माणसाची कातडी जाड असते वगैरे. मी रोज पेशंटला विचारते दुखतंय का, एक ते दहात किती, आणि तेव्हापासून मी ब्लॅक बाईने सहा सांगितलं की सहाच लिहिते, मनात चार करत नाही. आधी करत होते का? मला खरंच नको आहे त्याचं उत्तर.

म्हणून ते सेल्फ-केअर जे आहे ना, आपल्याला वाटतं फेशियल, मेणबत्त्या, तसलं काही नाहीये हे. ऑड्री लॉर्ड म्हणून न्यूयॉर्कची ब्लॅक कवयित्री, तिने स्वतःला जपण्याबद्दल लिहिलं ते अंगात कॅन्सर पसरलेला असताना. त्याच्याही आधी ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनी वस्त्यांमध्ये फुकट दवाखाने काढले होते, सिकल सेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्या केल्या, कारण दुसरं कोणी करत नव्हतं. पँथर म्हटलं की आपल्याला ढसाळ आठवतात, १९७२, मुंबई, ते नाव तिकडूनच आलेलं. तर माझ्या मैत्रिणीचं सेल्फ-केअर म्हणजे रविवार. आणि एक थेरपिस्ट, तीही ब्लॅक बाई, मुद्दाम शोधून काढलेली, कारण म्हणे तासाचे पैसे देऊन पहिली चाळीस मिनिटं पार्श्वभूमी कोण समजावून सांगणार.

आता येते आपल्या घरची गोष्ट, आणि यात मी पण आहे, कारण ओळख मीच करून दिली, माझ्या दिवाळीच्या फराळाला. मुलगा मूळचा सांगलीचा, इथे मेरीलँडमधल्याच कोलंबियात राहतो, चाळिशीतला, घटस्फोटित, गुणी. जमलं त्यांचं. मग मंडळातले फोन सुरू. स्वभावाने छान आहे हो, पण. त्या 'पण'च्या पुढे कोणी बोलायचंच नाही. एकजण म्हणाल्या निदान सावळी असती तर. शादी डॉट कॉमने २०२० साली रंगाचा फिल्टर काढून टाकला, आपल्या डोक्यातला कोण काढणार. गणपतीला ती साडी नेसून आली, मीच नेसवली होती, आणि एक काकू आल्या, हात लावला केसांना आणि मला मराठीत म्हणाल्या, विचार ना गं, खरे आहेत का? मी भाषांतर करावं की जमिनीत जावं असा विचार करतेय तोवर ती हसून म्हणाली, ट्वेंटी डॉलर्स. तिला शब्द कळले नव्हते, हात कळला होता.

त्याची आई सहा महिन्यांसाठी आलेली. पहिले चार महिने त्यांनी हिचं नाव घेतलं नाही, फक्त 'ती'. मग एका रविवारी मुलगा न सांगता आईला घेऊन हिच्या दारात. हिने दार उघडलं, अर्धं डोकं क्लिपांत, अंगावर जुना टॉवेल, आणि म्हणाली, आज सॉरी, आज माझा दिवस आहे, शनिवारी जेवायला या. आणि दार लावून घेतलं. झालं, मंडळात आग लागली, सासूला दारातून परत पाठवली! मुलगा पण चिडला होता. पण आई गाडीत काय म्हणाल्या ते त्यानेच मला सांगितलं. म्हणाल्या, डोक्यावरून न्हात होती रे ती, आपलंच चुकलं. आमची आई रविवारी शिकेकाई कढवायची, चार पोरींची डोकी, मग निखाऱ्यावर धूप टाकून केस शेकायचे, त्या वेळी दारात कोणी आलं तर आजी सांगायची, पोरी न्हातायत, उद्या या. शनिवारी त्या जेवायला गेल्या. लगेच काही प्रेम वगैरे उतू गेलं नाही, मॅक अँड चीज त्यांना अजिबात आवडलं नाही आणि तसं तोंडावर दिसलं. पण नाव घ्यायला लागल्या.

फेब्रुवारीत त्या दोघांचं मोडलं. का, ते मला माहितीये आणि मी सांगणार नाही, एवढंच सांगते की तुम्ही आत्ता गाडीत बसून जे म्हणालात, ते कारण नाही. आपल्याकडची लग्नं मोडतात तेव्हा कोणी म्हणतं का की बघा, दोघंही मराठी, चालणारच नव्हतं.

परवा सांगलीहून आईंचा फोन आला मला, गुडघ्याचे व्यायाम विचारायला. शेवटी हळूच म्हणाल्या, ती अजून रविवारीच धुते का गं केस? मी म्हटलं, हो. मग थोडं थांबून म्हणाल्या, बरं, मग मी शनिवारी करते तिला फोन.