सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा

श्रोतेहो, नमस्कार.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. गाडी ठोकली, जळाली, पुरात गेली, की कंपनी मला पाठवते. नुकसान मोजायचं, अहवाल द्यायचा. त्यामुळे गाड्या मला बहुतेक चिखलातल्या नाहीतर चेपलेल्याच भेटतात. पण त्यातल्या काही वर्षभरानं परत भेटतात, धुऊनपुसून, पॉलिश मारून, 'सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी' अशी ओळख घेऊन. आज बोलायचंय ते या दुसऱ्या भेटीबद्दल, म्हणजे जुनी गाडी विकत घेताना काय बघायचं त्याबद्दल.

ऑगस्ट २०१९चा महापूर तुम्हाला आठवत असेल. सांगली-कोल्हापुरात गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी 'टोटल लॉस' धरतात. मालकाला भरपाई मिळते आणि गाडी भंगाराच्या भावानं विकली जाते. पण घेणारा ती तोडतोच असं नाही. तो ती वाळवतो, सीट कव्हरं बदलतो, आणि जिथं पूर आलाच नव्हता अशा जिल्ह्यात नेऊन उभी करतो. जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं, त्यानंतरही हेच.

माझ्या भाच्यानं नांदेडहून एका गाडीचे फोटो पाठवले. एमएच १० पासिंग, म्हणजे सांगलीची. रंग झकास, भावही बरा. मी म्हटलं, "सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ आणि त्या टोकाचा फोटो पाठव." फोटो आला. पट्ट्याची शेवटची वीतभर तांबूस, चहात बुडवल्यासारखी. गाडी धुणारे सगळं धुतात, पण पट्टा कुणी पूर्ण बाहेर काढत नाही. विकणारा भाच्याला म्हणाला म्हणे, "पट्टा काय बघताय, गाडी चालवून बघा की!" चालवून बघितली असती तर ती चाललीच असती. पाणी गेलेल्या गाडीचं इंजिन सुरू करता येतं. दुखणं वायरिंगमध्ये असतं आणि ते सहा महिन्यांनी वर येतं. कधी दिवे, कधी एअरबॅग. म्हणून स्टेपनी उचलून तिच्याखाली हात फिरवा, सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचे बोल्ट गंजलेत का पाहा. आणि गाडीत अत्तराचा फार घमघमाट असेल, तर काचा बंद करून पाच मिनिटं नुसते बसून राहा, खालून कुबट वास येतो का बघा.

आपल्याकडे गाडी बघायला जाताना मिस्त्रीला बरोबर नेतात. न्यावंच. तो धूर बघेल, बॉनेटवर टिचकी मारून पुट्टी ओळखेल. पण कागद मिस्त्री वाचत नाही, आणि माणूस खरा बुडतो तो कागदात.

आरसी बुकावर नाव कुणाचं आहे? समोरच्या माणसाचं नसेल तर तिथंच थांबा. "मेव्हण्याची गाडी आहे, तो दुबईला असतो, सह्या केलेला टीटीओ सेट तयार आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तो मेव्हणा आता माझ्या ओळखीचा झालाय! टीटीओ सेट म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कोरे, खाली फक्त सही. ते घेऊन गाडी तीन-तीन हातांतून फिरते आणि मधल्या माणसाचं नाव सरकारदरबारी कुठेच उमटत नाही. उद्या लोचा निघाला तर तुम्ही धरणार कुणाला?

आमच्याच कॉलनीतल्या एका शिक्षकांचं असं झालं. पूर्ण पैसे दिले, चार महिने गाडी फिरवली, आणि एक दिवस कर्जवसुलीवाले दारात. गाडीवर बोजा होता. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला असता तर विम्याची मुदत, पीयूसी आणि कर्ज देणाऱ्याची नोंद दोन मिनिटांत दिसली असती. कर्ज फेडलंय असं विकणारा म्हणत असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ दाखवू दे. त्याआधी विसारसुद्धा देऊ नका. ई-चलानही तपासा. चासी नंबर गाडीवर शोधा, कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. आसपास वेल्डिंग दिसलं तर पाय काढता घ्या.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. मागच्या वर्षाची विमा पॉलिसी मागा आणि तिच्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते पाहा. क्लेम न घेता वर्षं गेली की हा बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढतो. मालक तोच, गाडी सहा वर्षांची, "एक ओरखडा नाही हो," आणि बोनस शून्य? मग एक तर क्लेम झालाय, नाहीतर विमा मध्येच तुटला होता. विचारा. मीटर मागे घेता येतो, पॉलिसीवरचा आकडा बदलणं इतकं सोपं नाही. टायरवरचे चार आकडेही बघा: ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. गाडी २०२२ची आणि टायर २०१९चा, असं का?

पैसे आरसीवरच्या नावाच्याच बँक खात्यात टाका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकराच्या कायद्यानं बंदीच आहे. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, आधी वाहतुकीचे पैसे पाठवा' असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. पाठवून बसलात तर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, फिरवा.

विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. नाव बदललं नसेल आणि गाडीनं अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये सांगितलंय. किल्ली देताना दोघांच्या सह्यांचा कागद करा आणि त्यावर तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळी अकराला सिग्नल तोडला तो कुणी आणि दुपारी चारला तोडला तो कुणी, हे मग भांडून ठरवावं लागत नाही.

नमस्कार.