माईक नव्हता तेव्हाची नाट्यगृहे

नमस्कार श्रोतेहो. सारंगखेड्याच्या यात्रेत रात्री तमाशाच्या कनातीत बसलेल्यांना एक हाक पाठ असेल. खेळ उभा राहण्याआधी कुणीतरी माईकवर टिचकी मारतो आणि विचारतो, "मांगे आवाज येस का रे भो?" मागून "येस, येस" आलं की ढोलकी कडाडते. आज मी बोलणार आहे ते ही हाक ज्यांना द्यावीच लागत नसे, त्या जुन्या नाट्यगृहांबद्दल.

ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. तिकीट काढून कुणीही जावं असं पहिलं ऑपेरागृह व्हेनिसमध्ये १६३७ साली उघडलं. त्याआधी ही करमणूक राजेरजवाड्यांच्या महालातली. पुढे १७७८ साली मिलानचं ला स्काला झालं. घोड्याच्या नालेचा आकार, भिंतीला लागून एकावर एक सज्जे, आणि आत जिकडेतिकडे लाकूड. ही सजावट म्हणून तर होतीच, पण खरं काम आवाजाचं. दगडी भिंत आवाज घुमवते, शब्दावर शब्द चढतो. लाकूड तो जरा मऊ करून पुढं देतं. म्हणून समोर अख्खा वाद्यवृंद वाजत असतानाही वरच्या सज्ज्यातल्या स्वस्त तिकिटवाल्याला गाणं कळायचं.

आपल्याकडे मुंबईच्या गिरगावात रॉयल ऑपेरा हाऊस आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांनी उद्घाटन केलं तेव्हा बांधकाम पुरं व्हायचंच होतं. (उद्घाटनाची घाई आपल्याला आजही नवी नाही!) त्याचं छतच असं घडवलं, की गॅलरीतल्या माणसालाही प्रत्येक शब्द ऐकू यावा. बालगंधर्व तिथं गायले. मग बोलपट आला, पडदा लागला, आणि गाण्यासाठी बांधलेली वास्तू सिनेमाची झाली. १९९३ मध्ये तीही बंद पडली. दुरुस्ती होऊन दारं उघडली ती थेट २०१६ साली.

बालगंधर्वांचं नाव घेतलं की आपण खानदेशी लोक जरा ताठ बसतो, आणि का बसू नये? लहानपणी नारायण राजहंस शिकायला जळगावात होते, मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे त्यांनी इथंच घेतले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. तो काळ माईकचा नव्हताच. पद रंगलं, 'वन्स मोअर' आला, की तेच पद पुन्हा तितक्याच ताकदीनं शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचं. एकेक नाटक त्यामुळे पहाटेपर्यंत चाले. त्या गळ्याला अर्धी साथ इमारतीची होती असं माझं मत आहे.

पण जे लाकूड आवाज देतं, तेच पेट घेतं. व्हेनिसचं ला फेनिचे १८३६ मध्ये जळलं, १९९६ मध्ये पुन्हा जळलं. आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलं, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत सापडलं. अशी वास्तू पुन्हा उभी करताना खुर्च्या आणि रंग मिळतात. पूर्वीचा आवाज मिळवणं फार अवघड.

आमच्या खानदेशाला राजाश्रयाचं असं थिएटर लाभलं नाही. आमचा तमाशा यात्रेत, आणि वहीगायन, म्हणजे आमचं लोकगायन, कानबाई देवीपुढं. उघड्यावर आवाज वाऱ्याबरोबर जातो, म्हणून आमच्याकडे गळा उंच पट्टीतच लावायचा. अंगणात रात्रभर वही म्हणणारा माणूस हे कुठल्या शाळेत शिकला नाही.

आता जळगाव, धुळे, अमळनेर इथं नाट्यगृहं आहेत, आणखीही होतील. माझी एवढीच सूचना, की फीत कापायच्या आदल्या दिवशी माईक बंद ठेवून एखाद्या वहीवाल्याला रंगमंचावर उभं करा, आणि पाहुण्यांच्या सोफ्यावर न बसता शेवटच्या रांगेत जाऊन ऐका. शब्द कळला नाही, तर ठेकेदाराचं शेवटचं बिल थांबवा.