गाठ शिरेत शिरते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. मी भूलतज्ज्ञ. नातेवाईक सर्जनला तासभर प्रश्न विचारतात आणि माझ्याकडं आले की एकच: "सायब, शुद्धीवर येईल ना?" आज त्याच्या अलीकडचं थोडं सांगतो.

किडनीतली कॅन्सरची गाठ बहुतेकदा किडनीतच असते. काहींची मात्र किडनीच्या शिरेतून पुढं सरकत पोटातल्या महाशिरेत वाढते. गोदावरीला मिळणाऱ्या सिंदफणा नदीच्या काठाला मुळं आणि फांद्या थेट गोदावरीत, असं एखादं झाड डोळ्यांपुढं आणा. कधी ही फांदी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचते. मग हृदयाचे सर्जन आणि हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, लागतं. अशा वेळी मोठ्या शहरात पाठवलं, तर डॉक्टरांनी हात झटकले असं समजू नका.

गाठ काढताना सर्जन महाशिरेला चिमटा लावतात. पायांकडून, पोटाकडून वर येणारं रक्त तिथंच थांबतं, हृदय रिकामं पडू लागतं, बीपी खाली येतं. म्हणून चिमटा आधी थोडा वेळ लावून पाहतात. मनगटाच्या धमनीतली बारीक नळी मला प्रत्येक ठोक्याचं बीपी दाखवते. सलाईनच्या जाड नळ्या मी हातात आणि मानेत घालतो. पायात घातल्या तर दिलेलं रक्त चिमट्याखालीच अडेल! बीपी धरून ठेवायला औषधाचा पंप चालूच असतो.

खरी धास्ती वेगळीच. फांदीचा तुकडा तुटला, तर प्रवाहाबरोबर हृदयातून फुप्फुसात जातो. अन्ननलिकेतून घातलेल्या सोनोग्राफीच्या नळीवर फांदीचं टोक दिसत राहतं. आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकाएकी घसरला, तर तुकडा फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते; मी लगेच सर्जनला हात थांबवायला सांगतो.

रक्तस्राव मोठा होऊ शकतो. पिशवीतलं रक्त थंड असतं, ते गरम करून द्यावं लागतं. फार पिशव्या गेल्या तर कॅल्शियम उतरतं, तेही भरून काढायचं. रक्तपेढीत आधी सोय केलेली बरी. पोटात चिमटा असताना गावाकडं फोन लावत बसायला वेळ नसतो.

तपासणीला याल तेव्हा पायांना सूज, चढताना दम, तंबाखू, सगळं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्की सांगा, पण मनानं बंद करू नका. आणि गोळ्यांची पिशवीच घेऊन या. "ती बीपीची पांढरी" एवढ्यावरून मला गोळी ओळखता येत नाही.