वेगवान स्पिंडलवरचा एन्कोडर : रेषा किती, आणि कशासाठी?

मित्रहो, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात १०,००० ते १२,००० आरपीएमचे (मिनिटाला इतके फेरे घेणारे) स्पिंडल, म्हणजे यंत्राचे हत्यार किंवा जॉब फिरवणारे मुख्य दांडे, आता नवलाईचे राहिलेले नाहीत, आणि ॲल्युमिनियमचे काम करणाऱ्यांना तर २४,००० आरपीएमसुद्धा हवे असतात. अशा स्पिंडलवर एन्कोडर, म्हणजे त्याचा फिरलेला कोन मोजणारा सेन्सर, निवडण्याची वेळ आली की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, तो 'रेषा किती?', म्हणजे एका फेऱ्यात मोजणीच्या खुणा किती, हा. जितक्या जास्त रेषा तितके चांगले, असे गृहीत धरून खरेदी होते आणि मग यंत्र त्रास देऊ लागते. मला आज आग्रहाने सांगायचे आहे ते हे, की स्पिंडलला सूक्ष्म मोजणीची गरज असते ती तो हळू फिरत असताना, आणि त्या सूक्ष्मतेची किंमत द्यावी लागते ती तो वेगाने फिरत असताना.

आधी हळू गतीचा हिशेब करू. ड्राइव्ह (मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) दर १२५ मायक्रोसेकंदांनी स्पिंडलची स्थिती वाचतो आणि एन्कोडरला १०२४ रेषा आहेत, असे धरा. त्याच्याकडून येणाऱ्या दोन चौकोनी लहरींच्या सगळ्या कडा मोजल्या की एका फेऱ्यात ४०९६ गणना मिळतात. सी अक्ष म्हणून, म्हणजे नेमक्या कोनात वळवण्यासाठी, स्पिंडल १० आरपीएमने फिरवला, तर दोन वाचनांच्या दरम्यान एक गणनाही पूर्ण होत नाही. सुमारे बारा वाचनांतून एकदा ती पडते. म्हणजे ड्राइव्हला बहुतेक वेळा गती शून्य दिसते आणि मग एकाएकी ती ११७ आरपीएम दिसते. खरी गती मात्र सगळा वेळ १० आहे! या खोट्या चढउतारांना ड्राइव्ह इमानेइतबारे उत्तर देतो, करंटला हिसके बसतात, मोटर तापते, करकर ऐकू येते आणि जॉबच्या पृष्ठभागावर लाटा उमटतात. सरासरी काढून हे झाकता येते, पण तेवढा विलंब वाढतो आणि ड्राइव्हचा गेन, म्हणजे चुकीला उत्तर देण्याचा जोर, खाली आणावा लागतो. रिजिड टॅपिंगमध्ये, म्हणजे स्पिंडलचे फिरणे आणि झेड अक्षाची चाल एकमेकांशी बांधून भोकात आटे पाडताना, हेच घडते. एम६ चा टॅप भोकाच्या तळाशी थांबून उलटा फिरतो, तेव्हा स्पिंडलची गती शून्यातून जाते आणि झेड अक्षाला फेऱ्यामागे १ मिलिमीटरचे नाते त्या क्षणीही सांभाळावे लागते. टॅप तुटण्याची कारणे अनेक असली, तरी तळाशीच तुटत असेल तर एन्कोडरकडे पाहायलाच हवे.

आता वेगवान गती पाहा. २४,००० आरपीएमला स्पिंडल त्याच १२५ मायक्रोसेकंदांत १८ अंश फिरून जातो. तिथे कोनाचे सूक्ष्म भाग कोणालाच नको असतात. पण १०२४ रेषांचा सिग्नल आता ४०९.६ किलोहर्ट्झवर पोहोचला आहे. त्यातच एन्कोडरच्या हेडमध्ये, म्हणजे खुणा वाचणाऱ्या भागात, प्रत्येक आवर्तनाची दहापट विभागणी करून चौकोनी लहरी बाहेर काढल्या असतील, तर दोन कडांमध्ये जेमतेम ६१ नॅनोसेकंद उरतात. ड्राइव्हच्या इनपुटला ते झेपले नाही की गणना हरवतात, आणि पुढच्या संदर्भखुणेशी (फेऱ्यातून एकदाच येणाऱ्या खुणेशी) ताळा जुळला नाही तरच ते उघडकीस येते.

यातून सुटका होते ती चौकोनी लहरींऐवजी घेतलेल्या गुळगुळीत साइन-कोसाइन सिग्नलमुळे. रेषांच्या जागी २५६ दातांचे चाक आणि १ व्होल्ट पीक-टू-पीकचे दोन सिग्नल घेतले, तर २४,००० आरपीएमलाही वारंवारता १०२.४ किलोहर्ट्झच राहते. प्रत्येक आवर्तनाचे ४०९६ भाग ड्राइव्ह स्वतः करतो, म्हणून फेऱ्यामागे १०,४८,५७६ स्थाने मिळतात आणि मघाच्या १० आरपीएमला प्रत्येक वाचनात जवळजवळ २२ गणना पडतात.

मात्र खरी मेख पुढेच आहे. ही विभागणी लहरींच्या शुद्धतेवर विसंबून असते. सिग्नलची शून्य पातळी लहरीच्या उंचीच्या फक्त १ टक्क्याने सरकली, तरी २५६ दातांच्या चाकावर सुमारे ८ कोनीय सेकंदांची (अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे कोनीय सेकंद) चूक होते. २०४८ रेषांवर तीच चूक सुमारे १ सेकंद असते. म्हणजे रेषा कमी घेतल्या की सिग्नलची निगा अधिक राखावी लागते. वाचलेला आकडा आणि खरा कोन या वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॅटलॉग वाचताना विसरले जाते.

आणि बसवणी! १२० मिलिमीटर व्यासाच्या चाकाला डायल गेज लावला आणि चाक फिरवताना काटा २० मायक्रॉन हलला, तर चाक केंद्रापासून १० मायक्रॉन सरकलेले आहे आणि चूक ३४ कोनीय सेकंदांची आहे. वीस बिटांचे, म्हणजे त्या १०,४८,५७६ स्थानांचे, सारे कौतुक तिथेच संपते. समोरासमोर दोन हेड बसवून ही चूक खोडता येते, पण बहुतेक स्पिंडलांमध्ये तेवढी जागाच नसते, त्यामुळे डायल लावून चाक नीट केंद्रात आणण्याला पर्याय राहत नाही. शिवाय २४,००० आरपीएमला या चाकाच्या काठाची गती सेकंदाला १५० मीटर असते. त्या गतीला पातळ पोलादी कडे त्रिज्येत सुमारे ५० मायक्रॉन फुगू शकते. शाफ्टवरची घट्ट बसवणी त्यामुळे सैल पडू शकते आणि हेड व चाक यांच्यातली फट, जी मुळातच मिलिमीटरच्या दशांशाच्या घरात असते, ती आणखी कमी होते. थंड, थांबलेल्या स्पिंडलवर फीलर गेजने लावलेली फट म्हणूनच अंतिम मानू नये.

तपासणीसाठी दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप पुरेसा आहे. दोन्ही सिग्नल एक्स-वाय पद्धतीने जोडले की पडद्यावर वर्तुळ दिसते. हे वर्तुळ हळू गतीला आणि पूर्ण गतीला, दोन्ही वेळा पाहावे. केंद्र सरकलेले असेल तर शून्य पातळीचा दोष आहे. आकार लंबवर्तुळाचा असेल तर दोन सिग्नलांची उंची किंवा त्यांच्यातला ९० अंशांचा फरक बिघडला आहे. दर फेऱ्याला वर्तुळ एकदा लहानमोठे होत असेल तर रनआउट, म्हणजे चाकाचे केंद्र सोडून फिरणे, शोधावा. गतीबरोबर ते मोठे होत असेल तर फट आवळत चालली आहे, आणि आक्रसत असेल तर केबलची लांबी, तिचे शील्ड आणि हेडची वारंवारतेची मर्यादा या क्रमाने तपासत जावे.