काचबिंदू पिकत नाही
(अमळनेर येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे एका नेत्रतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, आपल्याकडे डोळ्याला काही झालं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, पिकला का?’ मोतीबिंदूच्या बाबतीतही हा प्रश्न आता जुना झाला. ऑपरेशनसाठी तो पिकायची वाट बघावी लागत नाही. काचबिंदूच्या बाबतीत मात्र तो घातच करतो. दोघांच्या नावात बिंदू आहे, साम्य एवढंच. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत वाळते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस. ती बदलून मिळत नाही.

समोर निम्मे तरी ठिबकवाले बसलेत, म्हणून ठिबकच्याच भाषेत सांगतो. डोळ्याच्या आत सतत थोडं थोडं पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातं. (हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. खूप रडलं तर दाब उतरतो का, असं मला खरंच विचारलं गेलंय.) वय होतं तशी ती जाळी क्षार बसलेल्या फिल्टरसारखी तुंबते. मोटर चालूच, मग दाब वाढणारच. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा एवढा दाब नॉर्मल धरतात. नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. दाबाखाली ते हळूहळू मरत जातात आणि आधी कडेची नजर जाते. काहींची नस तर नॉर्मल दाबातही वाळते, म्हणून नुसता दाबाचा आकडा पुरत नाही.

पारोळ्याकडचे एक बापू माझ्याकडे आले ते चष्म्यासाठी. मोटारसायकलवर डाव्या हाताचं वासरू दिसलं नाही, धडकले. घरचे म्हणाले, नंबर वाढला असेल. बापूंचं म्हणणं, ‘माले समदं दिखस.’ तक्त्यावरची शेवटची ओळही त्यांनी वाचली. उजवा डोळा झाकला तेव्हा कळलं, डाव्या डोळ्याला समोरचा तळहाताएवढा तुकडाच दिसत होता. ‘मग काळं का नाही दिसलं?’ त्यांनी विचारलं. आपल्याला पाठीमागचं दिसत नाही. म्हणून पाठीमागे अंधार आहे असं वाटतं का? तसंच हे. एक डोळा दुसऱ्याचं उणं भरून काढतो, बाकीचं मेंदू जुळवून घेतो. आपल्या देशात झालेल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू सापडलेल्या दर 10 जणांपैकी 9 जणांना तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. डोळा लाल, भयंकर डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडं. आपण पित्त म्हणून सोडा पितो. त्या वेळी रात्र काढू नका, तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तिथे काही तासांचाही फरक पडतो.

आता माझा राग. आपल्याकडे ऊन आणि धूळ, त्यामुळे पोरांचे डोळे खाजतात, लाल होतात. मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवसांत आराम पडला की तीच बाटली वर्षभर चालते. त्यात स्टेरॉइड असेल तर दाब वाढू शकतो. बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या नसा अशा वाळलेल्या मी बघितल्यात. रिकामी बाटली दाखवून तेच औषध पुन्हा आणणं बंद करा.

चाळिशीनंतर एकदा तपासा. मधुमेह असेल, मोठा मायनस नंबर असेल, आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल तर आधीच. नुसता नंबर काढून परत येऊ नका. ‘दाब मोजला का, मागची नस बघितली का?’ असं विचारा. शंका आली तर फिल्डची, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं याची, तपासणी करतात: प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. त्यातले कित्येक ठिपके मुद्दाम फिकट असतात. सुटले म्हणून घाबरू नका, ती परीक्षा नव्हे.

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. त्यासाठी थेंब, लेझर, नाहीतर ऑपरेशन. थेंब बहुधा जन्मभर. एका वेळी एकच पुरतो, टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दमा असेल तर आधी सांगा, काही थेंबांनी धाप लागते.

बापूंच्या धाकट्या भावाला मी मुद्दाम बोलावलं. तो केळीच्या कापणीत होता, चौथ्या निरोपाला आला. ‘माले काय व्हयनं?’ म्हणाला. दाब 28 निघाला, फिल्ड शाबूत. गेल्या श्रावणापासून रोज रात्री एक थेंब टाकतो. बाटली त्याची सून सांभाळते.