एका संडासात सात दिवे

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'रशियन क्रांतीपूर्वीचं आणि नंतरचं सामान्य माणसाचं जीवन'. त्याकडे येतोच. पण क्रांती विजेच्या बटणांवरून जास्त कळते, हे माझं जुनं तुणतुणं. आधी ते वाजवून घेतो.

पेट्रोग्राडमधल्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या, एखाद्या वकिलाचं सात खोल्यांचं घर घ्या. ऑगस्ट 1918 च्या हुकुमानं दहा हजारांवर वस्तीच्या शहरांत घरांची खासगी मालकी गेली. वकिलाला एक खोली, बाकीच्यांत खोलीमागे एक कुटुंब. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास सामायिक. हीच कोमुनाल्का. तुम्ही म्हणाल, ही तर आमची चाळ! नाही हो. चाळीत खोली लहान, पण चूल आपल्या दाराच्या आत. इथे एका स्वयंपाकघरात सात टेबलं आणि सात स्टोव्ह, रॉकेलचे, प्रायमस. पिन मारणं, पंप मारणं पन्नाशीपुढच्यांना सांगायला नको. बर्नर पुरता तापायच्या आत पंप मारला की वाफेऐवजी रॉकेलची धार उडते आणि भडका होतो. एकाचा भडका, काजळी सातही जणांच्या पातेल्यांवर!

आता दिवे. वीजबिल वाटायचं कसं? खोलीवारी वाटलं तर एकटी म्हातारी म्हणणार, मी आठला झोपते. माणशी वाटलं तर चार पोरांचा बाप कुरकुरणार. मग निघाला तोडगा: खोलीगणिक वेगळा मीटर, आणि त्या मीटरवरून वायर ओढून संडासात, न्हाणीघरात, स्वयंपाकघरात ज्याचा त्याचा बल्ब, ज्याचं त्याचं बटण. घाईत चुकीचं बटण दाबलंत तर शेजाऱ्याची वीज चोरलीत. कमोडची सीटसुद्धा ज्याची त्याची, भिंतीवर खिळ्याला टांगलेली. दारावर पाटी: अमक्यासाठी बेल एकदा, तमक्यासाठी दोनदा. सातव्याकडचा पाहुणा मोजतामोजताच दमायचा. झाडलोटीची पाळी माणसागणिक, म्हणजे चौघांच्या घराला सलग चार आठवडे. तान्हं मूल त्यात धरायचं का, हे तुम्ही ठरवा. (हशा)

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, मूळ मुद्दा भराभर.

क्रांतीपूर्वी पीटर्सबर्गचा कारखान्यातला कामगार पुष्कळदा खोलीचा नुसता कोपरा भाड्यानं घ्यायचा. कधी तर एकच फळी, दिवसपाळीवाला रात्री निजणार, रात्रपाळीवाला दिवसा. त्याला वकिलाची खोली मिळाली हा खरा लाभ, तो नाकारू नका. मात्र लगेचच यादवी युद्धात सरपण संपलं. फर्निचर, लाकडी फरशी, पुस्तकं लोखंडी शेगडीत गेली, नळ गोठून फुटले. शहराची वस्ती 23 लाखांवरून सात-आठ लाखांवर आली. म्हणजे तेव्हा घरं ओसच पडली होती. मुंगी शिरायला जागा नाही अशी गर्दी झाली ती 1930 नंतर. सामुदायिक शेतीला कंटाळलेला, घाबरलेला शेतकरी कारखान्याकडे धावला, आणि सरकारचा पैसा पोलादात गेला, घरांत नाही. मग प्लायवूडच्या भिंती घालून एका खोलीच्या दोन झाल्या, खिडकीही अर्धी अर्धी. तेव्हा दिव्यांच्या भांडणाचं खापर एकट्या 1918 वर फोडणं मला पटत नाही.

स्वतंत्र घर सामान्य माणसाला दिसू लागलं 1957 मधल्या सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांच्या ठरावानंतर: पाच मजले, लिफ्ट नाही, स्वयंपाकघर जेमतेम सहा चौरस मीटर. पण बटण एकच. सेंट पीटर्सबर्गमध्ये कोमुनाल्का आजही आहेत, कारण 1991 नंतर खोल्या ज्याच्या त्याच्या नावावर झाल्या आणि अख्खं घर विकायला सगळ्यांचा होकार लागतो.