‘आत्ता कुठे गेली होतीस?’

मंडळी, आज ज्या मालिकेबद्दल बोलायचंय तिच्या नायिकेला नावच नाही. तिच्या वडिलांना नाही, गॉडमदरला (म्हणजे धर्ममातेला) नाही, ज्याच्या प्रेमात ती पडते त्या पाद्र्यालाही नाही. बहीण क्लेअर आणि मेहुणा मार्टिन यांना मात्र आहे. मालिकेचं नाव ‘फ्लीबॅग’, म्हणून आपणही नायिकेला फ्लीबॅगच म्हणायचं. मालिकेत तिला या नावानं कुणी हाक मारत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, शेवट मी सांगणार आहे. ज्यांना बघायची आहे त्यांनी तेवढ्यापुरते कान झाकावेत.

मालिकेची लेखिका आणि फ्लीबॅग साकारणारी अभिनेत्री फीबी वॉलर-ब्रिज हिनं २०१३ साली एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात हा प्रयोग एकटीनं केला. एक बाई, समोर प्रेक्षक, बाकी सगळी माणसं तिच्या बोलण्यातून उभी करायची. आपल्या जुन्या नाट्यशास्त्राला हे नवं नाही. ‘भाण’ नावाचा एकपात्री रूपकप्रकार तिथे सांगितलेला आहे. त्यात नट रंगमंचावर नसलेल्या माणसाशी बोलतो, त्याची उत्तरंही स्वतःच ऐकवतो. याला म्हणतात आकाशभाषित. २०१६ मध्ये बीबीसीवर मालिका आली तेव्हा इतर पात्रं सदेह आली, पण प्रेक्षकांशी बोलण्याची खोड तशीच राहिली. समोरचा बोलत असताना ही पटकन कॅमेऱ्याकडे वळते, एखादा चावरा शेरा मारते आणि परत संभाषणात शिरते. समोरच्याला पत्ता नसतो.

पहिल्या सीझनमध्ये आपल्याला वाटतं, ही आपल्यापासून काही लपवत नाही. शेवटी कळतं की मुख्य गोष्टच लपवली होती. जिवलग मैत्रीण बू हिच्या प्रियकराबरोबर ती झोपली. त्याला धडा शिकवायला म्हणून बू गाड्यांसमोर गेली आणि जिवानिशी गेली. लंडनमधलं ते छोटं कॅफे त्या दोघींनी मिळून काढलेलं. म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून विनोद करणं हा आडोसा होता.

आता दुसरा सीझन, २०१९. भाग सहाच, एकेक अर्ध्या तासाच्या आतला. खरं तर तो काढायची गरज होती का, अशी शंका मलाही होती. रहस्य फुटलेल्या गोष्टीचा दुसरा सीझन म्हणजे बहुतेक वेळा पाणी घालून वाढवलेली आमटी. इथे वॉलर-ब्रिजनं नवं रहस्य शोधलं नाही. तिनं त्या खोडीवरच बोट ठेवलं.

पहिला भाग जवळजवळ सगळा एका जेवणाच्या टेबलावर घडतो. सुरुवातीला ती स्वच्छतागृहात नाकातून आलेलं रक्त पुसते, आपल्याकडे वळून म्हणते, ही प्रेमकथा आहे. मग मागे जाऊन जेवण. वडील आणि गॉडमदर यांच्या साखरपुड्याचं. सगळे गोड बोलतात आणि प्रत्येक वाक्याखाली सुरी. क्लेअर उठून जाते, बराच वेळ येत नाही. फ्लीबॅग बघायला जाते तर क्लेअरचा गर्भपात झालेला. क्लेअर दवाखान्यात यायला तयार नाही, चेहरा नीट करून परत टेबलावर येऊन बसते. तिला कसंही करून तिथून काढायचं म्हणून फ्लीबॅग सगळ्यांसमोर सांगते, माझा गर्भपात झालाय. तेव्हा मार्टिन जे बोलतो ते मी इथे उच्चारणार नाही. त्यानंतर गुद्दागुद्दी. आपण हसत असतो, आणि ज्या बाईचं खरोखर काही गेलंय ती गप्प बसलेली पडद्यावर दिसत असते. ‘ब्लॅक कॉमेडी’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. काळं काहीतरी दाखवलं, वर चार विनोद टाकले, झालं. इथे विनोद त्या दुःखातूनच निघतो, वेगळा काढता येत नाही. शान क्लिफर्डची क्लेअर ही माझ्या मते या सीझनची खरी कमाई, जरी सगळा गाजावाजा अँड्र्यू स्कॉटच्या पाद्र्याचा झाला.

त्या पाद्र्याकडे येतो. कॅथलिक, म्हणजे ब्रह्मचारी. शिवराळ, दारूबाज, कोल्ह्यांना घाबरणारा. तिसऱ्या भागात तो तिला सांगतो की आपण मित्र राहू. ती सवयीनं आपल्याकडे वळते: आठवडाभर टिकेल हे. आणि तो विचारतो, हे काय होतं? आत्ता कुठे गेली होतीस?

मी ते पहिल्यांदा बघताना चक्क दचकलो होतो. स्वगत दुसऱ्या पात्राला ऐकू जात नाही, हा करार नाटकाइतकाच जुना. तो मोडला. आणि मोडला कुणी, तर अदृश्य कुणाशी तरी बोलणं हेच ज्याचं रोजचं काम आहे त्यानं. म्हणून त्याचं पाद्री असणं मला नुसती ‘निषिद्ध प्रेमा’ची सोय वाटत नाही. तिचं आकाशभाषित ओळखायला प्रार्थना करणाराच माणूस लागला. याआधी दुसऱ्या भागात समुपदेशक तिला मित्रमैत्रिणींबद्दल विचारते. ती म्हणते, ते कायम असतात, आणि आपल्याला डोळा मारते. ते मित्र म्हणजे आपण! तिथे हसू येतं. पुढे पाद्र्यानं हटकल्यावर तेच वाक्य आठवतं आणि घशात अडकतं.

तिसऱ्या भागातलं क्रिस्टिन स्कॉट थॉमस या अभिनेत्रीचं बायकांच्या वेदनेवरचं भाषण लोक जागोजागी उद्धृत करतात. उत्तमच आहे, पण मला ते थोडं ‘लिहिलेलं’ वाटतं. त्यापेक्षा चौथ्या भागातली कन्फेशनची, म्हणजे पाद्र्यापुढे पापाची कबुली देण्याची, खोली बघा. सकाळी काय घालायचं, काय खायचं, कशावर विश्वास ठेवायचा, हे मला कुणीतरी सांगावं, असं ती रडत म्हणते. त्यावर तो एकच इंग्रजी शब्द बोलतो: ‘नील’, म्हणजे गुडघे टेक. विनोद, श्रद्धा आणि वासना, सगळं त्या एका शब्दात. पाचव्या भागात ते दोघं एकत्र येतात तेव्हा ती कॅमेराच हातानं ढकलून देते.

शेवट बसस्टॉपवर. रात्र, बस येत नाही. त्यानं देवाला निवडलंय हे तिला कळलेलं. ती म्हणते, माझं प्रेम आहे तुझ्यावर. तो थांबून म्हणतो, जाईल ते. मग जाता जाता, माझंही आहे. तो गेल्यावर एक कोल्हा येतो, आणि ती बोटानं त्याला दिशा दाखवते: तो तिकडे गेला.

नंतर वॉलर-ब्रिजला एमी हे अमेरिकी टीव्ही-पुरस्कार मिळाले, लेखनाचं आणि अभिनयाचं, मालिकेलाही मिळालं. तिसरा सीझन आला नाही. कोल्हा गेल्यावर ती उठते, चालू लागते. हातात एक सोनेरी मूर्ती, आधी गॉडमदरच्या घरातून चोरलेली, आणि आता कळलंय की ती तिच्या आईवरून घडवलेली आहे. कॅमेरा सवयीनं मागे निघतो. ती वळून नकारार्थी मान हलवते. कॅमेरा थांबतो. थोडं पुढे गेल्यावर ती एकदा हात हलवते.